शंभर किलोंचे पोते



व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे आले आणि "तरुणपणीची स्वप्ने आणि आजचे समाधान" या विषयावर बोला म्हणाले, तेव्हा मी त्यांना विचारले, "अहो, विषय चुकला की माणूस चुकला?" कारण समाधान हा शब्द आमच्या क्षेत्रात फारसा चांगला समजला जात नाही. संघटनेच्या कार्यकर्त्याला कोणी समाधानी म्हटले, की तो मालकाला जाऊन मिळाला असे लोक धरून चालतात. आणि काही वेळा ते खरेही असते. मजुराने आहे त्यात सुख मानावे असा उपदेश करणारी पुष्कळ माणसे मी पाहिली. त्यांतल्या एकाच्याही पाठीवर पोते पाहिल्याचे मला आठवत नाही. म्हणून या शब्दाशी माझे वैर जुने आहे. तरीही मी विषय घेतला. पंचावन्न वर्षे उलटली. रात्री झोप बरी लागते. आणि ती का लागते याचा हिशेब एकदा चार माणसांसमोर मांडावा असे मनात होतेच.

ही व्याख्यानमाला मला नवी नाही. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी मी येथे येत असे, परंतु आत नव्हे. यार्डातले काम संपवून, खांद्यावर गोणपाट तसेच टाकून, मी मंडपाच्या मागे उभा राहून ऐकत असे. आत खुर्च्या रिकाम्या असत आणि कोणी मला अडवलेही नसते. पण अंगाला हळदीचा आणि मिरचीचा वास येई, शेजारचा शिंकू लागे. मला शाळा मिळाली ती नववीपर्यंत. पुढचे सारे शिक्षण या मंडपाच्या मागे आणि नगर वाचनालयातल्या बाकावर झाले. त्यामुळे आज माझ्या बोलण्यात काही अडाणीपणा आढळला तर त्याची निम्मी जबाबदारी या व्याख्यानमालेवर आहे, हे चिटणिसांनी लक्षात ठेवावे.

आमचे घराणे जत तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात वडील खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन दिवस काढले आणि पुढच्या साली आईला व मला घेऊन सांगलीला आले. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. आबा भुसार बाजारात हमाल झाले. त्या वेळी पोते शंभर किलोंचे असे. ज्यांनी ते उचललेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोघांनी दोन्ही बाजूंनी आकडे लावून पोते वर घ्यावयाचे आणि वाकून उभ्या असलेल्या तिसऱ्याच्या पाठीवर द्यावयाचे. ते अंगावर आले की पहिला श्वास आत अडकतो. मग ट्रकला लावलेल्या फळीवरून उतरावयाचे. फळी पायाखाली लवते. त्या लवण्याच्या तालात पाऊल टाकावे लागते. ताल चुकला की माणूस पोत्यासकट खाली येतो. गोदामात थप्पी लावताना वर चढावयाचे ते वेगळेच.

माझ्या वयाच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे १९८५ साली, आबांचा ताल एकदा चुकला. मरण टळले, पण कंबर गेली. दुसऱ्या आठवड्यात त्यांचे गोणपाट मी खांद्यावर घेतले.

मला गणिताची आवड होती. गोदामाच्या भिंतीवर खडूने मी एकदा हिशेब केला. एक गडी दिवसाला ऐंशी पोती वाहतो, म्हणजे आठ टन. त्या काळच्या एका ट्रकभर माल म्हणावयास हरकत नाही. वर्षाला तीनशे दिवस धरले तर चोवीसशे टन. आबांची बारा वर्षे धरली तर अठ्ठावीस हजार आठशे टन. एवढा माल एका माणसाच्या पाठीवरून गेला, आणि त्या पाठीचा मोबदला म्हणून त्यांना काय मिळाले ते मी भिंतीवर लिहिले नाही, कारण ते एका ओळीत मावण्याइतके थोडे होते. मुकादमाने तो हिशेब पाहिला आणि मला म्हणाला, "पोरा, खडू कुणाचा हाय?"

अशा वयात आणि अशा जागी स्वप्न पडले नाही तरच नवल. माझी तीन स्वप्ने होती.

पहिले सर्वांत मोठे: मी तिशीचा होईपर्यंत जगात मालक नावाची जात उरणार नाही. ते कोठून आले म्हणाल, तर पुस्तकांतून. त्या काळी रशियातून छापून आलेली पुस्तके रुपया-दोन रुपयांना मिळत. 'सोव्हिएत लँड' हे गुळगुळीत कागदाचे नियतकालिक तर इतके स्वस्त होते, की निम्म्या शाळकरी पोरांच्या वह्यांना त्याची वेष्टणे असत. मीही वेष्टणासाठीच ते आणले आणि मग वाचू लागलो. गॉर्कीची 'आई' मराठीत वाचली. गॉर्की स्वतः व्होल्गेच्या काठी हमालांत वावरलेला माणूस, त्यालाही शाळा अशी मिळालीच नव्हती, हे कळल्यावर तो मला आमच्या टोळीतलाच वाटू लागला. त्यातून दुसरे स्वप्न निघाले: आपणही हमालांवर कादंबरी लिहावयाची. आपल्याकडे नारायण सुर्वे होतेच. गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेले ते मूल पुढे केवढा कवी झाला! तेव्हा यात अशक्य काय, असे मला वाटे. तिसरे स्वप्न मॉस्कोला जाऊन तो लाल चौक पाहण्याचे. मॉस्को राहिले. मुंबईचे आझाद मैदान मात्र मोर्चांच्या निमित्ताने इतक्या वेळा पाहिले, की तेथल्या चहावाल्यांशी माझी सोयरीक जुळावयाची बाकी आहे.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. ती बातमी मी यार्डासमोरच्या हॉटेलात रेडिओवर ऐकली. मी एकवीस वर्षांचा होतो. हसू नका, पण घरातले कोणी गेल्यासारखे मला वाटले. आमच्यात एक वयस्क कार्यकर्ते होते, त्यांना सारे मास्तर म्हणत. गिरणीच्या संपातून होरपळून आलेले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, त्यांतले ते एक. तो संप कधी मागे घेतला असे कोणी जाहीरपणे सांगितले नाही आणि त्यांची नोकरीही परत आली नाही. मी त्यांना म्हणालो, "मास्तर, आता हो काय?" त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी गाड्या लागणार आहेत ना यार्डात?" मी म्हटले, "लागणार." "मग उतरवाव्या लागतीलच की. त्या कशा उतरवायच्या आणि काय दराने, तेवढं बघ. बाकीचं मागून बघू."

मला ते उत्तर अगदी मिळमिळीत वाटले. मास्तर थकले, असे मी मनात म्हटले. या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

आता जे सांगणार आहे ते मी सभेत कधी सांगितलेले नाही. १९९६ साली गावाबाहेरच्या एका कारखान्यात आमच्या संघटनेने संप केला. कारखान्याचे नाव घेत नाही. त्यात आता काही अर्थ नाही. चौऱ्याहत्तर कामगार होते. रोज शंभर रुपये मजुरी. एकोणिसाव्या दिवशी मालकाने निरोप पाठवला: रोजी बारा रुपये वाढ देतो, दोघांना निलंबित केले आहे त्यांना परत घेतो, मात्र संघटनेला मान्यता देणार नाही. रात्री देवळात बैठक झाली. कामगारांची मान डोलत होती. एक जुना कामगार उठून म्हणाला, "दादा, घेऊया. मान्यता पुढच्या वर्साला मागू." आणि मी उठलो, एक तास बोललो. काय बोललो ते आजही पाठ आहे, कारण ते सारे पुस्तकांतले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संप चालू राहिला. एकेचाळीसाव्या दिवशी जुन्याच पगारावर सारे आत गेले आणि तिघे कायमचे बाहेर राहिले.

त्या तिघांत मी नव्हतो. मी तेथे कामगारच नव्हतो. मी संघटनेचा माणूस. स्वप्न माझे होते आणि त्याचे भाडे त्यांनी भरले. एक जण गावी परत गेला. दुसऱ्याने रिक्षा धरली. तिसरा म्हणजे देवळात उठून "घेऊया" म्हणाला तोच. बावीस वर्षांची नोकरी गेली आणि तो एसटी स्टँडवर केळी विकू लागला. मी स्टँडवर जाताना रस्ता बदलू लागलो. मोर्चात पोलिसांना न भिणारा मनुष्य केळ्यांच्या हातगाडीला भीत होता.

वर्षभराने माझी मलाच लाज वाटली आणि मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तो रागावला नाही. अर्धा डझन केळी कागदात बांधून त्याने माझ्या हातात दिली. मग मी त्याच्या ग्रॅच्युइटीचा अर्ज केला. १९७२ चा जो ग्रॅच्युइटीचा कायदा होता त्याचा हिशेब सोपा आहे: शेवटच्या महिन्याच्या पगाराला सव्वीसने भागावे, पंधराने गुणावे आणि जितकी वर्षे नोकरी झाली तितक्याने पुन्हा गुणावे. हा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तरी वर्षाला पंधरा दिवसांची रीत तीच राहिली आहे. त्याचा पगार दोन हजार सहाशे. सव्वीसने भागून शंभर, पंधराने गुणून पंधराशे, बावीस वर्षांचे तेहतीस हजार. मालकाचे म्हणणे असे, की याने संपात दगडफेक केली, यंत्राची मोडतोड केली, म्हणून ग्रॅच्युइटी जप्त. कायद्यात तशी तरतूद होती. पण नुसते म्हणून चालत नाही, ते सिद्ध करावे लागते. वकील लावायला पैसे नव्हते. मी स्वतः कायद्याचे पुस्तक आणले आणि रात्री डिक्शनरी शेजारी घेऊन एकेक कलम वाचले. इंग्रजी मी असे शिकलो. म्हणून माझ्या इंग्रजीत अजून कलमे फार आणि व्याकरण कमी. तारखांमागून तारखा पडल्या. २००१ साली निकाल लागला: तेहतीस हजार, आणि वर शेकडा दहाने व्याज.

धनादेश घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याने पेढे आणले होते. त्याची बायको आतून आली, धनादेश हातात घेऊन तिने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "पैसं आलं, बरं झालं. पर भाऊ, पोरीची साळा सुटली ती सुटलीच."

मित्रहो, समाधानाच्या कोणत्याही हिशेबात हे वाक्य मी नावे टाकतो. जमेच्या बाजूला मी काहीही लिहिले तरी ते खोडले जात नाही, आणि ते खोडण्याचा प्रयत्न करू नये असेच मला वाटते. परंतु एक झाले. त्या पाच वर्षांत मला कळले, की तेहतीस हजार रुपये मिळवून देणे हे एक तासाच्या भाषणाहून फार अवघड काम आहे, आणि त्यात मला रस आहे. हा शोध माझा मलाच अनपेक्षित होता. मोठ्या स्वप्नातला माणूस मी, आणि भागाकार-गुणाकारात माझे मन रमू लागले.

याच सुमारास वाचनालयात नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी वाचले. महात्मा फुल्यांचे सहकारी, ठाण्यात १८४८ साली जन्मलेले, मुंबईत एका गिरणीत भांडारपाल. हिंदुस्थानातल्या कामगार चळवळीचे जनक म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. पण त्यांनी मागितले काय? १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. त्यात मागण्या अशा: आठवड्यातून रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पगार मिळावा. बस्स. मी पंचविशीत हे वाचले असते तर म्हटले असते, "एवढेच?" तिशी ओलांडल्यावर वाचले म्हणून पुढची तारीख नीट पाहिली. गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. एका रविवारासाठी सहा वर्षे! त्यानंतर १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटी आली. आणि लोखंडे १८९७ च्या प्लेगात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. आज आपण रविवारी येथे बसलो आहोत, हा रविवार आभाळातून पडला असे बहुतेकांना वाटते. लोखंड्यांना मोठी स्वप्ने नव्हती असे नाही. ते सत्यशोधक होते, सारा समाज पालटावा अशीच त्यांची इच्छा होती. पण अर्जात त्यांनी अर्धा तास लिहिला.

आमच्यासाठी रविवाराच्या जागी पोते होते. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची आणि हजारो माथाडींची लढाई होती. त्यामुळे ज्याला ठराविक मालक नाही त्या हमालालाही बोर्डात नाव नोंदवता येऊ लागले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही बोर्डात भरावयाची, आणि बोर्डाने त्यातून हमालाचा पगार, फंड, बोनस द्यावयाचा. कायदा उत्तम. परंतु मजुरीची व्यवस्था झाली तरी पोते शंभर किलोंचेच होते. एका पुस्तिकेत मला आढळले, की जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ओझ्याच्या कमाल वजनासंबंधी १९६७ सालीच ठराव केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोंचा आकडा घातला. म्हणजे माझ्या जन्माआधी तीन वर्षे! ती पुस्तिका मी महिनाभर खिशात घेऊन फिरलो.

विरोध व्यापाऱ्यांचा होईल असे मला वाटले होते. झालाच, बारदान दुप्पट लागेल, शिलाई दुप्पट, मोजणी दुप्पट, हे त्यांचे म्हणणे. पण पहिला आणि खरा विरोध आमच्या टोळ्यांतून झाला. आमचे थोरले मुकादम, त्यांना सारे तात्या म्हणत, ते भर बैठकीत म्हणाले, "क्विंटलचं पोतं उचलतो म्हणून बाजारात हमालाला मान हाय. अर्धं पोतं उचलायचं म्हंजे गडी कशाला पायजे?" टोळीतले सारे त्यांच्या बाजूचे. त्यात नुसता ताठा होता असे समजू नका. पोत्यामागे मजुरी, पोते अर्धे झाले की मजुरी अर्धी आणि खेपा दुप्पट, ही भीती होती, आणि ती अगदी बरोबर होती. व्यापाऱ्यांनी नेमका तोच दर पुढे केला. शंभर किलोंना चार रुपये होते, तर पन्नासला दोन. आम्ही पावणेतीन मागितले. या वेळी मी तासभर भाषण केले नाही. रोज संध्याकाळी एकेका टोळीत जाऊन बसलो. पंचेचाळिशीच्या पुढचे गडी मोजले, कंबर धरून चालणारे किती, गुडघ्याला फडके बांधणारे किती, ते त्यांनाच मोजायला लावले. दिवसाचे एकूण ओझे तेच राहील हे खरे. पण मणका मोडतो तो दिवसाच्या बेरजेने नव्हे, एका वेळी अंगावर येणाऱ्या भाराने, हे समजावयाला तात्यांना तीन महिने लागले. समजल्यावर मात्र तेच सर्वांच्या पुढे. दोन रुपये चाळीस पैशांवर तडजोड झाली. म्हणजे क्विंटलला चार रुपये ऐंशी. मी पावणेतीनवर अडून बसलो नाही. एकोणिसावा दिवस माझ्या लक्षात होता.

यात आमचे एकट्याचे श्रेय आहे असे कृपा करून समजू नका. ठिकठिकाणच्या हमाल पंचायतींनी आणि माथाडी संघटनांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. पुण्याचे डॉ. बाबा आढाव, जे डिसेंबर २०२५ मध्ये आपल्यातून गेले, त्यांनी हमालांत उभी केलेली संघटना आमच्यासारख्यांना कायम धीर देत आली. कोठे साखर आधी पन्नासची झाली, कोठे धान्य. काही मालाला अजूनही नियम कागदावर आणि पोते टम्म, असे चालते. सकाळी वजनकाट्यापाशी भांडण असते ते बहुधा त्याचेच.

पहिली पन्नासची पोती आमच्या गोदामात उतरली त्या दिवशी मी आबांना रिक्षात घालून यार्डात घेऊन गेलो. ते कंबरेतून वाकलेलेच चालत. थप्पीपाशी गेले, एका पोत्याला हात लावला, आणि दोघा पोरांना म्हणाले, "द्या रं पाठीवर." मी नको नको म्हणत होतो, तरी पोरांनी निम्मा भार आपल्या हातावर ठेवून ते त्यांच्या पाठीला टेकवले. आबा हसू लागले. "आरं, हे पोतं हाय का उशी?" सारी टोळी हसली. मग ते थप्पीच्या कडेला बसले, चंची काढली, तंबाखू मळत बराच वेळ गप्प राहिले. आणि मान वर न करता म्हणाले, "आदी का न्हाई आणलं रं?"

मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. १९८५ साली ते पोते पन्नासचे असते तर आबांची कंबर राहिली असती, माझी शाळा राहिली असती, आणि कदाचित मीही दुसराच कोणी झालो असतो. २०११ साली आबा गेले. पण त्या दिवसापासून मला झोप लागू लागली हे खरे आहे. "आदी का न्हाई" हा प्रश्न घेऊनच झोप लागते.

स्वप्नांचे बोलतोच आहे तर घरातलेही एक सांगून टाकतो. माझी स्वप्ने मी शेकडो सभांतून सांगितली. बायकोचे स्वप्न काय होते हे मी तिला पन्नाशी गाठल्यावर विचारले. २०२० च्या टाळेबंदीत यार्ड चालू होते, मी बाहेरून येऊन अंगणात आंघोळ करी आणि ती लांबून ताट सरकवी, त्या दिवसांतली गोष्ट. टीव्हीवर नर्सबाया दाखवत होते. ती म्हणाली, "मला नर्स व्हायचं होतं." मी म्हटले, "अगं, कधी बोलली नाहीस!" ती म्हणाली, "अहो, तुम्ही विचारलं कधी?" शिवणयंत्रावर तिने माझ्या चळवळीची तीस वर्षे ओढली. कामगाराला माणूस समजा असे मालकाला सांगत फिरणाऱ्याच्या घरात ही स्थिती होती. ती आज समोर बसली आहे. म्हणून अधिक बोलत नाही, घरी जावयाचे आहे.

परवा संघटनेतल्या एका तरुण मुलाने मला विचारले, "काका, राग मानू नका, पण तुम्ही समाधानी झालात की नुसते थकलात?" मला मास्तर आठवले. मीही त्यांच्याविषयी हेच म्हटले होते, फक्त मनात. हा पोरगा तोंडावर म्हणाला, एवढी प्रगती आहे. मी त्याला खरे ते सांगितले, की थोडा थकवा आहेच. गुडघे दुखतात. रात्री बारापर्यंत बैठक आता होत नाही. पण थकलेल्या माणसाला यार्डात जावेसे वाटत नाही, आणि मला सकाळी सहाला जाग येते ती तेथे जाण्यासाठीच. मालक नावाची जात उरणार नाही हे स्वप्न मी सोडून दिले का, असेही त्याने विचारले. सोडले नाही. ते माझ्या हयातीत पुरे होण्याची अट तेवढी सोडली. ही अट घातली होती तेव्हा मी एकोणिसाव्या दिवसाला नाही म्हणत होतो. अट काढली तेव्हा दोन रुपये चाळीस पैसे दिसू लागले. आणि तू ती अट सोडू नकोस, असेही मी त्याला म्हणालो. तुझे वय ते सोडण्याचे नाही. मात्र आपल्या अटीपायी दुसऱ्याची नोकरी लावताना आधी त्याला विचार.

कादंबरीचे काय झाले? हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळदीची पेवे होती, हे आपणांस ठाऊक आहे. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठे. त्यात हळद वर्षानुवर्षे राहावयाची. २००५ च्या पुराने त्यांतली बरीच गेली. माझ्या कादंबरीची सुरुवात त्या पेवांपासून होती. एक जाड वही घेतली होती, तिची साठ पाने झाली. नायक पेवात उतरतो तेथे कथा थांबली आहे. त्याच्या पुढच्या पानापासून नावे सुरू होतात: हमालाचे नाव, वय, किती वर्षे काम, बोर्डात नोंद आहे की नाही, फंड किती येणे. शाई बदलते, मजकूर तोच. २०१९ च्या पुरात घरात पाणी आले तेव्हा मी आधी ती वही माळ्यावर टाकली. साठ पानांसाठी नव्हे, पुढच्या पानांसाठी. ते माझे मलाच तेव्हा कळले, आणि नायक अजून पेवातच आहे याचे फारसे वाईट वाटले नाही.

वहीत सध्या बायकांची नावे लिहितो आहे. बेदाणा निवडणाऱ्या, हळद चाळणाऱ्या, यार्डात सांडलेले दाणे झाडून गोळा करणाऱ्या. तात्या म्हणाले होते ना, "गडी कशाला पायजे"? या बाया तीच पन्नासची पोती दोघी मिळून ओढतात, आणि पुष्कळांचे नाव कोणत्याच बोर्डात नाही. आतापर्यंत एकशे सोळा नावे झाली. त्यांतली एक पासष्ट वर्षांची आहे; किती वर्षे काम करता म्हणून विचारले तर म्हणाली, "माझं लगीन झालं तवापासनं." लग्न कधी झाले ते तिला सांगता येत नाही. आता तिच्या थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला मिळवून त्यावरून साल काढावयाचे आहे.

उद्या सकाळी नऊ वाजता त्यांची बैठक आहे, यार्डाच्या मागच्या फाटकापाशी लिंबाखाली. फॉर्म भरावयाचे आहेत आणि लिहिता येणारी माणसे कमी पडतात. येथे बसलेल्यांपैकी ज्यांचे अक्षर बरे आहे त्यांनी यावे. पेन घेऊन यावे; आमच्याकडची पेने बाया घरी नातवंडांना नेतात.